कपॅसिटर आणि हिंगणघाटची बस

आमच्या घरी एसी आला तो चैनीसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. कारण वर्ध्यात, नालवाडीतल्या आमच्या गल्लीत तसा समज पसरलेला आहे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस एसीत झोपतो म्हटलं, की लोक त्याच्या नोकरीच्या दिवसांबद्दल भलतेच हिशेब मांडू लागतात. मी एसीत झोपत नाही. मी बैठकीत कूलरसमोर झोपतो, आणि कूलरचा पाण्याचा पंप माझ्या कानाशी रात्रभर गुळण्या करतो. एसी आहे तो आमच्या सासऱ्यांसाठी.

नाना, म्हणजे माझे सासरे, हिंगणघाटला एकटेच राहतात. सगळी नोकरी तिथल्या सूत गिरणीत केली, नंतर वर टिनाचं छप्पर असलेलं घर बांधलं, आणि सासूबाई गेल्यावरही त्या टिनाखालून हलले नाहीत. यंदा चैत्रातच उन्हाने डोकं वर काढलं आणि नाना भाजी आणायला गेले ते रस्त्यातच चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळा संपेपर्यंत यांना थंड जागेत ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी नुसत्या चकरेवर भागणार नाही. सुमती, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्यांची एकुलती एक लेक. तिने त्याच दिवशी त्यांना आणायचं ठरवलं, आणि नानांनी त्याच दिवशी नाही म्हटलं.

नानांचं म्हणणं साधं होतं. लेकीच्या घरी बापाने मुक्काम ठोकायचा नसतो. चहा घ्यावा, नातवंडांची चौकशी करावी आणि संध्याकाळच्या बसने परत यावं. सुमती रडली, मी समजावलं, शेजाऱ्यांनी भीती घातली. नाना टिनाखाली बसून घाम पुसत राहिले. शेवटी माझ्यातला कार्यालयीन माणूस जागा झाला. नियम मोडता येत नसेल तर प्रकरण दुसऱ्या नियमात बसवायचं, हे मी आयुष्यभर केलं आहे. मी म्हटलं, "नाना, दवाखान्यात भरती झाले असते तं राह्यले असते का नाई? गारवा हे औषध हाय. आमचं घर म्हणजे दवाखाना समजा."

नानांनी बराच विचार केला आणि ते मान्य केलं. माझी चूक एवढीच झाली, की नाना शब्दाचे पक्के आहेत हे मी विसरलो. औषध चालू आहे तोवर मुक्काम, औषध बंद पडलं की सुट्टी, असा करार त्यांनी मनात लिहून घेतला. मग आम्ही घाईघाईने एसी बसवला. थंड हवा सोडणारा लांबट भाग खोलीत, आणि मोठ्या पंख्याची गरम पेटी, जिला सगळे आउटडोअर म्हणतात, ती गच्चीवर. नाना आले, खोलीत बसले, हाताचा तळवा हवेत धरून पाहिला आणि म्हणाले, औषध बरं आहे. सुमतीने त्या रात्री पुरणपोळी केली.

पहिला आठवडा सुखाचा गेला. मग एका दुपारी एसी घुर्र करून गप्प झाला. आम्ही रिमोट दाबला, सेल बदलले, रिमोट तळहातावर आपटला. तेवढ्यात नाना खोलीबाहेर आले. अंगात सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी.

"औषध संपलं, जवाईबापू," ते म्हणाले. "निघतो मी."

सुमतीने कूलर त्यांच्याकडे वळवला. नाना म्हणाले, कूलर तर माझ्या घरीही आहे. हिंगणघाटची बस संध्याकाळी सुटते. त्याआधी एसी चालू करणं किंवा बस बंद पाडणं, एवढे दोनच मार्ग माझ्यापुढे होते, आणि बस माझ्या हातात नव्हती. म्हणून मी स्कूटर काढली आणि नीलेशला आणायला गेलो.

नीलेश हा आमच्या भागातला एसी मेकॅनिक. त्याचा आत्मविश्वास दांडगा. यंत्र उघडायच्या आधीच त्याला बिघाड कळलेला असतो आणि उघडल्यावरही तो आपलं मत बदलत नाही. गच्चीवर जाऊन त्याने आउटडोअरच्या बाजूचं झाकण काढलं आणि आतून डब्यासारखा एक भाग बाहेर ओढला. तो पोट फुगल्यासारखा झाला होता. "कपॅसिटर गेला, साहेब," तो म्हणाला. पंख्याला आणि कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारी ही वस्तू. हिच्याशिवाय सगळं जागच्या जागी हुंकार देत बसतं. त्याने नवा कपॅसिटर टाकला, एसी सुरू झाला आणि नानांनी टोपी काढून खुंटीला लावली. आता दहा वर्षं पाहायला नको, असं नीलेश म्हणाला.

त्याची दहा वर्षं पुढच्या सोमवारी संपली. पुन्हा दुपार, पुन्हा घुर्र, पुन्हा नाना पिशवी घेऊन दारात. पुन्हा कपॅसिटर. यावेळी नीलेशने सगळा दोष व्होल्टेजवर टाकला.

आता शेजारच्यांचं या प्रकरणात येणं ओघानेच आलं. आमच्या डावीकडे मोतीलालजी राहतात. मूळचे सिंदी रेल्वे या गावचे, कापडाचा व्यापार, आता दुकान मुलाकडे आणि सल्ला देण्याचं खातं स्वतःकडे. त्यांच्याकडे एसी येऊन बरीच वर्षं झाली आणि तो एकदाही बिघडलेला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. खरी गोष्ट अशी, की तो त्यांनी कधी लावलेलाच नाही. त्यावर विणलेलं कव्हर आहे आणि पाहुणे आले की कव्हर काढून दाखवतात. तरीही या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला जातो. त्यांनी स्टेबिलायझर लावायला सांगितला, आम्ही लावला. तो भिंतीवर बसून टिक-टिक करायचा आणि दर टिकटिकीला नाना पिशवीकडे बघायचे.

समोरच्या देवकाबाईंनी वेगळंच निदान केलं. एवढा पांढराशुभ्र एसी आणि दृष्ट लागू नये म्हणून काही नाही? त्यांनी स्वतः लिंबू-मिरची आणून आउटडोअरच्या जाळीला बांधली. पंख्याच्या गरम हवेने ती दोन दिवसांत अशी खडखडीत वाळली, की सुमतीने तीच वरणाच्या फोडणीत टाकायची का, असं विचारलं.

व्होल्टेजचा प्रश्न मात्र मी माझ्या पद्धतीने हाती घेतला. वीज कार्यालयाला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयान्वये, सगळं जागच्या जागी. असे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आहे, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर लिहायला काही मिळत नव्हतं. कार्यालयातल्या बाबूने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारच्या टेबलावर दिला. तिथल्या बाईंनी तो मोठ्याने वाचला. मग तो साहेबांकडे गेला. मी छाती फुगवून उभा होतो. शेवटी साहेब बाहेर आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, इतकी शुद्ध भाषा आता कोण लिहितं? नवीन मुलांना नमुना म्हणून हा अर्ज लावून ठेवतो. आणि त्यांनी तो खरोखरच नमुना म्हणून लावून ठेवला. त्यामुळे त्यावर कारवाई करायला कोणाकडे तो उरलाच नाही.

पुढे मी रोज खेटे घातल्यावर एक लाइनमन आला. तो आला सकाळी, गार वेळेला, जेव्हा गल्लीत कोणाचंच काही चालू नसतं. त्याने मीटर लावून पाहिलं, व्होल्टेज ठणठणीत निघालं. तक्रारीत तथ्य आढळले नाही, असं त्याने लिहून नेलं. आयुष्यभर हे वाक्य मी दुसऱ्यांच्या अर्जावर लिहिलं होतं. माझ्या अर्जावर ते वाचताना कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

तिसऱ्यांदा कपॅसिटरबरोबर पंख्याची मोटरही गेली. नीलेशने दोन्ही बदललं, पण बोट आत घालून म्हणाला, "साहेब, आतमधी वल हाय. पानी कुठून येऊन राह्यलं?" मग आमच्या टाकीवर संशय गेला. नळवाला आला, त्याने बॉलकॉक बदलला. ओल कमी झाली नाही, तेव्हा संशय भिंतीपलीकडच्या मोतीलालजींच्या टाकीवर गेला. ती गोष्ट मी त्यांना जरा स्पष्टच सांगितली. मोतीलालजी म्हणाले, "पोहाणे साहब, मेरी टाकी कंपनी की है, गळत नाई." दोन दिवस आमची बोलचाल बंद होती. या दोन दिवसांत सल्ले न मिळाल्याने घरात विलक्षण शांतता होती, पण एसीतली ओल होती तशीच होती.

तिसऱ्या दिवशी मोतीलालजींनाच राहवलं नाही. ते म्हणाले, ऊन लागतं मशीनला, म्हणून जातं. वर्ध्याच्या मे महिन्याच्या उन्हात माणूस उभा राहत नाही, तिथे यंत्राचं काय? हे मला पटलं. मी कागदावर चित्र काढलं, मोजमाप घेतलं आणि आउटडोअरसाठी पत्र्याची मजबूत पेटी बनवून घेतली. वरून बंद, बाजूंनी बंद, समोर एक छोटी खिडकी. हवेसाठी खिडकी पुरेल असा माझा अंदाज होता. पेटी बसवून झाल्यावर मी गच्चीवर खुर्ची टाकून तिच्याकडे पाहत बसलो. निवृत्तीनंतर माणसाने स्वतःच्या बुद्धीने काही उभारलं की त्याला असंच होत असावं.

पेटी बसवल्यावर कपॅसिटर आधीपेक्षा लवकर जायला लागला.

आता मी घाबरलो. प्रत्येक वेळी बसच्या आधी नीलेश सापडेल असं नव्हतं. एकदा तो लग्नाला आर्वीकडे गेला होता, तेव्हा मी नानांना सांगितलं, की लग्नसराईमुळे हिंगणघाटच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नाना म्हणाले, उभा राहीन. मग सुमतीनेच पिशवी लपवली आणि सापडत नाही असं सांगितलं. बाप शोधतोय, लेक शोधायला मदत करतेय आणि दोघंही पिशवी सापडू नये म्हणून देवाला विनवतायत, असं मला त्या वेळी वाटून गेलं. पण हा विचार मी लगेच झटकला. नानांना राहायचं असतं तर त्यांनी पिशवी भरून ठेवली असती का?

या विचारातूनच पुढचा वाईट विचार आला. एसी नेहमी दुपारीच बंद पडायचा, सगळे झोपलेले असताना. आणि दुपारी नाना एकटे गच्चीवर जायचे. सुमतीने कुरडया वाळत घातल्या होत्या, कावळे येतात म्हणून मी राखण करतो, असं नानांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी उन्हात जायचं नाही म्हटलेला माणूस कुरडयांसाठी भर उन्हात जातो, हे मला आधीच खटकायला हवं होतं. मोतीलालजींनी तर दबक्या आवाजात सांगूनच टाकलं, की घरातलाच कोणीतरी आहे. त्यांनी नाव घेतलं नाही, पण माझ्या डोक्यात नाव आलं. नानांना जायचं आहे. लेकीचं मन मोडवत नाही म्हणून ते औषधच मोडून ठेवतायत.

मला वाईट वाटलं. राग नाही आला, वाईटच वाटलं. सुमती सकाळी उठून त्यांच्यासाठी गरम भाकरी थापत होती, त्यांच्या उशीचे अभ्रे बदलत होती, आणि हा माणूस तिच्यापासून सुटायला असलं काही करत होता. सुमतीला सांगायचं धाडस झालं नाही. पण खात्री करायची होती, म्हणून एका दुपारी नाना वर जायच्या आधीच मी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे लपलो.

शेहेचाळीस अंशांत टाकीमागे लपणं हे निवृत्त कक्ष अधिकाऱ्याला शोभणारं काम नाही. चपला जिन्यात राहिल्या होत्या. मी एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर उभा होतो. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून मोतीलालजींचा आवाज आला, "पोहाणे साहब, नाचून काऊन राह्यले?" मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली आणि मोठ्या उत्साहाने तेही आपल्या टाकीमागे लपले.

नाना आले. डोक्यावर ओला दुपट्टा, एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात तागाचं पोतं. कुरडयांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पोतं बादलीत बुडवलं, चांगलं भिजवलं आणि पत्र्याच्या पेटीचं वरचं झाकण जरा उचलून त्या फटीतून आत सारून यंत्रावर नीट पसरलं, आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. मग ओंजळीने वरून पाणी टाकलं. मग खिडकीशी वाकले आणि त्या आउटडोअरशी बोलले.

"बंद नको पडू, बाबा," ते म्हणाले. "तू बंद पडला तं मले जा लागते."

माझे पाय भाजत होते हे मी विसरलो. नाना पोत्यावरून हात फिरवत तिथेच उन्हात बसून राहिले, आणि मी टाकीमागे. थोड्या वेळाने पेटीतून घुर्र असा आवाज आला आणि यंत्र गप्प झालं. नानांचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा कधी पाहू नये असं वाटलं. त्यांनी घाईघाईने पोतं काढून पिळलं, कठड्यावर वाळत टाकलं आणि हळूहळू खाली गेले. पिशवी भरायला.

आता पंचाईत अशी झाली, की नानांना सांगावं तरी कसं? तुमच्याच पाण्याने कपॅसिटर जातोय म्हटलं, तर ते दोष पदरात घेऊन त्याच दिवशी निघाले असते. मी नीलेशला गाठून सगळं समजावलं. पोत्याचं नाव काढायचं नाही, सगळा दोष माझ्या पत्र्याच्या पेटीवर टाकायचा. त्यात खोटंही फारसं नव्हतं. पेटीत हवाच खेळत नव्हती, यंत्र स्वतःच्याच गरम श्वासात गुदमरत होतं. नीलेश लगेच तयार झाला. त्याच्या डोळ्यांतली चमक मला तेव्हाच दिसायला हवी होती.

संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले. नाना पिशवीसकट, सुमती, भिंतीपलीकडे मोतीलालजी, खाली गल्लीतून मान वर करून देवकाबाई. नीलेशने पेटी ठोकून पाहिली आणि सुरुवात केली. असली पेटी ज्याने बनवली त्याला यंत्रातलं काय कळतं, कोंबड्यांचं खुराडं आहे का हे, शिकलेली माणसंही काय काय करतात. मी मान खाली घालून ऐकत होतो. मोतीलालजींनी, उन्हाची गोष्ट आपणच काढली होती, हे कोणाला आठवू नये म्हणून, दोनदा जोरात मान डोलावली. नाना मात्र यंत्राकडेच बघत होते.

"आन वरून वलं पोतं टाकलं तं?" त्यांनी विचारलं.

नीलेश आपल्या भाषणाच्या भरात होता. "वलं पोतं कोन येडा टाकते, आजोबा?" तो म्हणाला, आणि मग त्याला माझा चेहरा दिसला.

नानांनी पिशवी खाली ठेवली. "मी टाकलं," ते म्हणाले. "गिरणीत मोटर तापली का आमी वलं पोतं टाकत होतो. मले वाटलं, हेबी मोटरच हाय. येवढ्या उनात बिचारी एकटी." मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं औषध मीच सांडवलं, जवाईबापू. आता राहाचा हक्क नाई."

मी काही बोलणार तेवढ्यात सुमती पुढे झाली. यंत्राच्या बाजूचं, सगळ्या स्क्रूंऐवजी एकाच्याच आधाराने लोंबकळणारं झाकण तिने बोटाने हलवून दाखवलं.

"हे झाकण असं लोंबकळून राह्यलं, म्हनून पानी आत गेलं," ती नीलेशला म्हणाली. "दर वेळी एक स्क्रू तू खिशात घालून नेतो. यायनं पेटी केली, बाबानं पोतं टाकलं, तू स्क्रू नेले. मंग एकट्या बाबानं काऊन जावं?"

नीलेशने खिशात हात घातला. निघाले. मूठभर.

मग ती नानांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमाले राहाचं हाय ना इथं? येवढंच सांगा."

नानांनी कठड्यावरचं पोतं काढून त्याची घडी घातली. "सांगाची गोष्ट हाय का थे?" ते म्हणाले. सुमतीने त्यांची पिशवी उचलली आणि खाली घेऊन गेली. नाना तिच्यामागून जिना उतरले, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, की ते उतरताना तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरतायत.

नीलेशने माझी पेटी काढून टाकली, झाकणाचे सगळे स्क्रू लावले आणि त्या जागी नुसती हिरवी जाळी उंचावर बांधली. तेव्हापासून एसी एकदाही बंद पडला नाही. आपण पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, असं नीलेश गल्लीत सांगत असतो. मोतीलालजी आता पाहुण्यांना आमच्या गच्चीवर आणून आउटडोअर दाखवतात. माझ्या अर्जाची अजून कार्यालयात वाहवा होते असं कळतं.

पण पावसाळा लागला, हवा गार झाली. औषधाची गरज उरली नव्हती. नाना काही बोलत नव्हते, सुमती काही विचारत नव्हती, आणि मी जेवताना ताटाकडे बघून जेवत होतो. करार मीच केला होता, तो मोडायचा कसा, हे मला सुचत नव्हतं. एका रात्री भाकरी मोडता मोडता नानांनी भिंतीवरच्या एसीकडे पाहिलं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "हिवाळ्यात हे मशीन गरम हवाबी देते म्हनते. खरं हाय का? मले थंडीत दमा उठते."

सुमतीचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला. आमचा एसी फक्त थंड करणारा आहे. गरम हवेचं त्याच्या रिमोटवर बटणसुद्धा नाही.

"देते ना, नाना," मी म्हणालो. "लय गरम देते."

नानांनी मान हलवली आणि दुसरी भाकरी मागितली.